बाबांसाठी विणलेलं मसोतं

माघ लागला की आमच्या यवतमाळच्या रस्त्यांवरून कापूस जायला लागतो. आता तो ट्रॅक्टरवरून जातो. वरून जाळी आवळून बांधलेली असते, तरी कापूस कुठं ऐकतो? रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना, घरांच्या फाटकांना तो आपले पुंजके ठेवून पुढं जातो. सकाळी फिरायला निघाले की एखादा पुंजका मी काढून घेते. बोटांनी त्यातली सरकी चाचपत चालत राहते. परतताना शेजारच्या घरातून पाठांतराचा आवाज येत असतो, दहावीची मुलगी आहे त्यांची. कापूस आणि परीक्षा, दोन्ही आमच्याकडं एकाच सुमारास येतात. ती दोन्ही आली की मला गावाकडचं धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर दिसतं, आणि चुलीपुढं उकिडवे बसलेले माझे बाबा.

ज्या काळाबद्दल मी सांगते आहे, त्या काळी चुलीपुढं बाप्या माणूस बसत नसे. लग्नकार्यात आचारी असत, ते वेगळं. घरच्या चुलीपुढं पुरुष आला तर तो विडी पेटवायला निखारा घ्यायला यायचा.

घाटंजीपासून दोन कोसांवर आमचं गाव. महाराष्ट्र होऊन थोडेच दिवस झाले होते. मी सातवीत होते. सातवीची परीक्षा घाटंजीच्या केंद्रावर जाऊन द्यावी लागे, आणि ती पास झालेल्या मुलीला पुढं शिकून मास्तरीण होता येतं, हे त्या वर्षी आमच्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कारण शाळेत पहिल्यांदाच एक मास्तरीणबाई आल्या होत्या. पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी. आम्हा मुलींना त्या टकळीवर सूत कातायला लावत आणि त्याच सुताचं विणकाम शिकवत. विणायच्या सुया आमच्या बाजारात मिळत नसत. बाईंनी घाटंजीच्या सायकलवाल्या रहीमचाचांकडून सायकलच्या तारा कापून, टोकं घासून आणल्या होत्या. त्या सुयांना पहिले काही दिवस ग्रीसचा वास यायचा.

पौष संपत आला होता. शेवटची वेचणी चालू होती. आमच्याकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीत कापूस भरला की तो वर चढून पायांनी तुडवावा लागतो, म्हणजे जास्त मावतो. माय वर उभी राहून कापूस तुडवत होती. वावरातून निघताना चाक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढलं, बंडी कलली, आणि माय खाली आली. कापसावर पडली असती तर उठून हसली असती. पण ती पडली धुऱ्यावरच्या दगडांवर. मी पाठीमागून ओटीत कापूस घेऊन येत होते. मायचा पाय भलत्याच दिशेला वळलेला मी पाहिला. आणि ती ओरडत होती, "अवो, बैल धरा! आधी बैल धरा!"

यवतमाळच्या दवाखान्यातून ती परत आली तेव्हा तिच्या उजव्या पायाला मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर होतं. उन्हं तापेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ओसरीला लागून मधलं घर होतं, तिथं तिची बाज टाकली. बाजेवरून तिला एका दारातून अंगण दिसायचं आणि दुसऱ्या दारातून स्वयंपाकघर. आजारी माणसानं डोळे मिटून पडावं, तशी ती पडली नाही. ती त्या दोन्ही दारांवर नजर ठेवून असायची.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, फुलसावंगीच्या पलीकडच्या एका खेड्यात दिली होती. ती लगोलग आली. आत्या म्हणजे कामाला वाघ. आल्या दिवशी तिनं सगळं घर सारवलं, चूल पोतारली, धान्याला ऊन दाखवलं. मी शाळा सोडून तिच्या हाताखाली होते. मायचं अंग पुसणं, तिची वेणी घालणं, तिचं खाणंपिणं. शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. ती वाजली की मी उगाच मोठ्यानं भांडी घासायची.

मी येत नाही म्हणून एका दुपारी मास्तरीणबाई घरी आल्या. मायच्या उशाशी बसल्या. जाताना माझ्या हातात दोन सुया आणि सुताचा गुंडा देऊन म्हणाल्या, "परीक्षेला हाताचं काम दाखवावं लागतं. घरी बसून तेवढं तरी कर. बाकीचं बघू आपण."

मी मायजवळ बसून विणायला लागले. माय बघत राहिली. वेचणीत दोन्ही हातांनी झपझप कापूस काढणारी बाई ती. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांवर बारीक चरे पडलेले असायचे, ते आता पडून राहून भरून आले होते. ते हात तिला बघवत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दे इकडं ते. पाहू, कसं करते."

"माय, तुले नाई जमनार. अवघड रायते."

"सुताहून अवघड हाये का मी? दे."

मी तिला टाके चढवून दिले. सुलट टाका दाखवला. पहिल्या ओळीत तिचे निम्मे टाके गळले. दुसऱ्यांदा सूत इतकं आवळलं की सुई त्यातून निघेना. तिसऱ्यांदा चौकोनाचा त्रिकोण झाला. ती रागावून सगळं उसवायची, गुंडा गुंडाळायची आणि पुन्हा माझ्यापुढं धरायची. एकदा मी पाणी आणून बघते तर ती विणकामाची सुई प्लास्टरच्या आत घालून पाय खाजवत होती. मला बघून म्हणाली, "हे एक काम तं जमलं ना मले!" पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

आत्याच्या घरची तूर कापायला आली. तिला जाणं भाग होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर बाबा बसले होते, तिथं जाऊन ती बोलली. मुद्दाम मायला ऐकू जाईल असं बोलली की काय, कोण जाणे.

"गनपत, सुमीले आता घरी बसव. सातवी शिकून काय करनार हाये? घर तिच्याच अंगावर हाये आता. उन्हाळ्यात एखादं स्थळ पाहू. मी पायतो."

बाबा गप्प. ते तसे गप्पच असत. बैलांशी बोलत तेवढंच आमच्याशी. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. माझे हात थांबले.

आतून मायचा आवाज आला. "अवो, इकडं या."

बाबा उठून आत गेले. पाठोपाठ आत्याही गेली.

"मी आडवी पडली म्हनून पोरीले बी आडवी पाडू नोका," माय म्हणाली. "तिची परीक्षा हाये. ती उद्यापासून शाळेत जाईन."

"अन् चूल?" आत्यानं विचारलं. "चूल कोन पेटवीन?"

माय आत्याकडं वळलीच नाही. ती बाबांकडं बघत म्हणाली, "तुमी."

मी दाराशी येऊन उभी राहिले होते. बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. आत्या तोंडाला पदर लावून हसली. मग हसणं थांबवून बाबांकडं बघू लागली, कारण ते नाही म्हणाले नव्हते.

माय म्हणाली, "वावरात हात चालतेत, चुलीपाशी काहून नाई चालनार? मी इथून सांगतो. पहाटेची भाकर अन् सांजचं कोरड्यास तुमी करा. बाकी वरचं सुमी आल्यावर करीन. प्लास्टर निघेपर्यंत."

 बाबा बैलांना वैरण टाकायला निघून गेले.

आज विचार करते तेव्हा मला मायच्या हिमतीपेक्षा तिच्या हिशेबीपणाचं नवल वाटतं. तिनं शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही, रडली नाही, पोरगी हुशार आहे असं म्हणाली नाही. एवढंच सांगितलं की काम आहे, हात आहेत, आणि हे हात ते काम करतील. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मास्तरीणबाई बाजेजवळ बसून बोलत होत्या, तेव्हा ती त्यांच्या पायातल्या चपलांकडं बघत होती. मास्तरीणबाई विधवा होत्या, हे गावात माहीत होतं. तरी ती बाई स्वतःच्या पायांवर चालत येते, बसते, आणि उठून स्वतःच्या खोलीवर जाते. प्लास्टरमध्ये अडकलेल्या बाईला हे जरा जास्तच स्पष्ट दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला जाग आली ती धुरानं. बाबांनी दार लावून घेऊन चूल पेटवली होती. आमच्याकडं चुलीत पऱ्हाट्या घालतात, कपाशीची वाळलेली झाडं. त्या भसकन पेटतात आणि तशाच विझतात, सारख्या सारायला लागतात. बाबांनी एकदम मोठा भारा आत कोंबला होता. माय बाजेवरून सांगत होती, "काढा, अर्ध्या भाईर काढा. पानी ऊन झालं का? मंग पिठात टाका. थोडं थोडं. आता पीठ मया. अंग लावून मया, बैलाची पाठ चोळता ना, तसं."

पहिली भाकर थापताना फाटली. दुसरी तव्यावर पडली ती दुमडून. तिसरी कुठल्या तरी देशाच्या नकाशासारखी झाली. बाबांनी ती परतली, भाजली आणि माझ्या फडक्यात बांधून दिली. वर मिरचीचा ठेचा. मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत डबा उघडला, तर मैत्रीण म्हणाली, "तुह्या मायचा तं पाय मोडला. भाकर कोन केली?"

मी म्हटलं, "आमच्या घरी झाली."

बाबांचं नाव घ्यायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही. बाबाही दार लावूनच स्वयंपाक करत. पाणी भरायला बायका आमच्या अंगणावरून जायच्या आत त्यांच्या भाकरी झालेल्या असत.

आठवडाभर बरं चाललं, आणि मग बाबांचा हात भाजला. गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, वरण उकळत होतं. भरला गंज चुलीवरून उतरवायचा होता. घरात सांडशी होती, पण तिची खीळ ढिली होऊन भांडं तिच्यात फिरायचं. बायका पदर दुहेरी करतात आणि उतरवतात. बाबांना पदर कुठला? त्यांनी चुलीजवळचं मसोतं उचललं. मसोतं म्हणजे जुन्या लुगड्याची चिंधी. ओटा, जमीन, भांडं, सगळं तिनंच पुसायचं. ती ओली होती. ओल्या फडक्यानं तापलेलं भांडं धरलं की वाफ सरळ हातात शिरते, हे कुठल्याही बाईला न सांगता माहीत असतं. बाबांना माहीत नव्हतं. गंज हातातून सुटला. वरण चुलीत गेलं, राख उडाली. उजव्या हाताची बोटं फुगून आली.

माय बाजेवरून ओरडत होती, "काय झालं? अवो, बोला ना!" आणि उठता येत नाही म्हणून तिनं मुठीनं बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, मारायला सुरुवात केली. मी धावत गेले. बाबांचा हात पाण्यात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या हातानं त्यांना बैलांचा कासरा धरता येईना. मग भाऊकीतल्या लोकांना कळलं. कसं भाजलं, हे विचारल्यावर बाबा काय सांगणार? गावभर झालं. आत्यालाही निरोप पोचला. तिनं उलट निरोप धाडला की, पाहा, देवानंच दाखवून दिलं. आता तरी पोरीला घरी बसवा, स्थळ मी पाहून ठेवलं आहे.

मी पुन्हा घरी राहिले. चुलीपुढं बसले. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी मायनं मला बोलावलं. "शाळेतून जाड सूत आनता येईन का?"

"जाड नाई राहात माय. टकळीचं बारीकच असते."

"मंग चार पदर एकत्र पीळ. मी धरतो, तू फिरव."

आम्ही दोघींनी मिळून ते सूत पिळलं. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, मधलं घर ओलांडून मी ओसरीपर्यंत मागं मागं जायची. पिळलेलं सूत दोरीसारखं झालं. ते सायकलच्या बारीक तारांवर चढवलं, तर दुसऱ्याच ओळीत तारा वाकल्या.

माय बाबांना म्हणाली, "बाजाराच्या दिवशी घाटंजीले जाता ना? त्या सायकलवाल्याकडून जाड सया आना."

तो प्रसंग बाबांनी पुढं कधीतरी स्वतःच सांगितला, म्हणून मला माहीत. डाव्या हातात पिशवी, उजव्याला पट्टी, असे ते रहीमचाचांच्या दुकानापुढं उभे राहिले. चाचा चाक खोलून बसले होते.

"बोलो गनपतभाऊ. सायकल घेतली का?"

"नाई. सया पाह्यजे होत्या. इनायच्या. जाड."

"पोरीले?"

बाबांना हो म्हणता आलं असतं. दुकानात दोन-चार माणसं बसलेली होती. पण ते म्हणाले, "नाई. घरच्याईले पाह्यजे. माह्यासाठी काहीतरी इनून राह्यली. मी चुलीपाशी बसतो ना, तं हात भाजते."

दुकानातली माणसं हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी सायकलच्या कॅरिअरची एक मोडकी सळी काढली, दोन तुकडे केले, कानस घेऊन टोकं घासत बसले. घासता घासता म्हणाले, "माह्या घरची बी बिमार हाये. मी बी रोटी शेकून राह्यलो आजकाल. किसीको बोला नहीं." आणि टोकं स्वतःच्या गालावर घासून बघितली, खरबरीत तर नाहीत ना.

माय विणायला बसली. त्या सुया जड होत्या. उताणं पडून विणताना तिचे खांदे भरून यायचे. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायची. तिनं एकच नियम धरला होता, सगळ्या ओळी सुलट. सगळ्या सुलट घेतल्या की विणीला वळ्या येतात आणि ती जाड होते. मधेच टाका गळायचा. पूर्वी ती चिडून सगळं उसवायची. आता तेवढाच टाका काडीनं उचलून परत सुईवर घ्यायला ती शिकली होती.

शेजारच्या बायका येऊन बसत, बघत. एक म्हणाली, "मसोतं इनते का वं कोनी? जुनं लुगडं फाडलं की झालं."

तिचंही खरंच होतं. जुन्या लुगड्याच्या चार घड्या घालून, कडा शिवून एका दुपारीत काम झालं असतं. मायलाही ते कळत होतं. बायका गेल्यावर मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती विणतच राहिली. मग म्हणाली, "चिंधी देली तं काम बी चिंधीचंच वाटन त्याईले."

पुढं मीही मास्तरीण झाले; इतक्या वर्षांत शिकवण्याबद्दल मी किती ऐकलं, किती वाचलं. पण कुणाला एखादं काम आपलं वाटायला हवं असेल तर त्याच्या हातात काय द्यावं, हे मला त्या एका वाक्यातून जितकं समजलं, तितकं दुसऱ्या कशातून नाही.

तळहाताएवढं झालं, मग वीतभर झालं, मग बाबांचे दोन्ही पंजे त्यावर ठेवता येतील इतकं. मला टाके बंद करायला शिकवावे लागले. शेवटच्या टोकाला तिनं एक फासा केला, खिळ्याला अडकवायला. कडा थोडी वाकडी होती. मातकट पांढरा रंग, आमच्याच भागातल्या कापसाचा. मायनं ते बाबांना बोलावून दिलं.

"हे फक्त भांडं उतरवाले. यानं काही पुसाचं नाई. ओलं होऊ द्याचं नाई. ओल्यानं वाफ लागते. मीच सांगाचं इसरली होती."

बाबांनी ते हातात घेतलं, दाबून पाहिलं. बोटांची कातडी अजून कोवळी, गुलाबी होती. ते म्हणाले, "जाड हाये."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चूल त्यांनीच पेटवली. आणि दार लावलं नाही. पाणी भरायला जाणाऱ्या बायकांनी पाहिलं, की गनपत परातीपुढं बसून भाकरी थापतो आहे. एक-दोघी थबकल्या, पदर तोंडावर ओढून गेल्या. चार दिवसांनी कुणी थबकेना. मी शाळेत जाऊ लागले ती अखेरपर्यंत गेले.

फाल्गुनात, होळीच्या थोडं आधी, एका रविवारी दोन पाहुणे दारात येऊन उभे राहिले. पांढरी धोतरं, कोशे फेटे. आत्यानं पाठवले होते. मुलगी बघायला. आम्हाला काही कळवलेलं नव्हतं. मी आतल्या खोलीत गणितं सोडवत होते.  बाबा चुलीपुढं होते.

पाहुणे ओसरीवर टेकले. मायनं बाजेवरूनच विचारपूस केली. थोड्या वेळानं बाबा चहाचं पातेलं घेऊन बाहेर आले, मसोत्यात दोन्ही हातांनी धरलेलं. खांद्यावर पीठ उडालेलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, कपबशा मांडल्या, चहा ओतला.

थोरला पाहुणा कपाकडं बघत राहिला. "चहा तुमी केला?"

"हो."

"अन् पोरगी?"

"अभ्यास करून राह्यली. परीक्षा हाये तिची."

पाहुणा धाकट्याकडं बघून हसला. "घरात पोरगी असून बाप चूल फुकते! आमच्या घरी येऊन ही काय करनार मंग?"

मी दाराच्या फटीतून बघत होते. माय काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलं होतं. पण बाबा आधी बोलले. आयुष्यात मी त्यांना इतकं लांब वाक्य बोलताना क्वचितच ऐकलं.

"ती तुमच्या घरी येईन असं मी कोठी म्हनलं? चहा घ्या. दुरून आले, भाकर खाऊन जा, मी टाकतो. पन पोरगी मी दाखवत नाई."

पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. ते वाटेला लागेपर्यंत बाबा अंगणात उभे होते. मग आत येऊन मायला म्हणाले, "अक्का रागावन." माय म्हणाली, "रागावू द्या." आणि मग दोघंही गप्प बसले. पण ती शांतता मला त्या घरात आधी कधी ऐकू आली नव्हती. दोन माणसं एकाच बाजूला बसलेली असावीत, तशी.

आत्या खरोखरच रागावली. होळीला आली नाही, गुढीपाडव्यालाही नाही.

मायचं प्लास्टर काढलं तेव्हा आतला पाय पाहून मी घाबरले. लाकडासारखा बारीक, कातडी सुटलेली. ती काठी धरून उभी राहिली आणि भिंतीला टेकली. घामानं चिंब झाली. दुसऱ्या दिवशी बाजेपासून दारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी पडली, आणि उठली. पाय जन्मभर किंचित लंगडत राहिला. खाली उकिडवं बसणं मात्र तिला पुढं कितीतरी महिने जमलं नाही, त्यामुळं सकाळच्या भाकरी बाबांकडंच राहिल्या. तोवर त्यांच्या भाकरी मायपेक्षा गोल व्हायला लागल्या होत्या. माय हे कधी कबूल करत नसे.

परीक्षेला बाबांनीच मला बंडीतून घाटंजीला नेलं. चैत्राचं ऊन, रस्त्यावर पळसाची फुलं सुकून काळी पडलेली. हाताच्या कामात मी विणलेला एक साधा सुती चौकोन ठेवला. तपासणाऱ्या बाईंनी तो उलटापालटा करून विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात भांडं उतरवायला." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मी पास झाले. फार वरच्या नंबरानं नव्हे, पण पास झाले, आणि मास्तरीणबाईंनी स्वतः येऊन मायला ते सांगितलं. मायनं त्यांना गूळ-पाणी दिलं. मग त्या गेल्यावर भिंतीकडं तोंड करून खूप वेळ रडली. पाय मोडला तेव्हा ती रडली नव्हती.

मृग लागायच्या सुमाराला एके सकाळी अंगणात कुणीतरी येऊन उभं राहिलं. आत्या होती. उन्हानं लाल झालेली, एका हातात पत्र्याची पेटी. तिच्यामागं तिची धाकटी मुलगी कुसुम, दोन वेण्या, पायात काही नाही. आत्याच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, आणि कुसुम चौथी पास झाली होती.

आत्या ओसरीवर चढली नाही. तिनं पेटी पायरीवर ठेवली. स्वयंपाकघरातून धूर येत होता. आत बाबा बसले आहेत हे तिला तिथूनच दिसत होतं. तिनं मान मुद्दाम दुसरीकडं वळवली.

"इथी शाळा हाये म्हनून आनली हिले," ती मायला म्हणाली. "भाकर कोन करते, ते मले पाह्याचं नाई."

माय काठी टेकत पुढं आली आणि तिनं कुसुमचा हात धरून तिला आत घेतलं. बाबांनी मागं वळून पोरीकडं एकदा पाहिलं, आणि परातीत आणखी एक ओंजळ पीठ घेतलं.